बायोमेडिकल इंजिनीअर दवाखान्यात नेमकं करतो काय? वर्ध्यात शिकवली जाणारी ही शाखा घेण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कॉम्प्युटर मिळेल का? नाही मिळालं तर काय? मग शाखांच्या यादीवरून बोट खाली सरकतं आणि एका नावापाशी थांबतं : बायोमेडिकल इंजिनीअरिंग.

त्यानंतरचे प्रश्नही ठरलेले. हे घेतलं तर डॉक्टर होता येतं का? म्हणजे दवाखान्यातल्या पिवळ्या पिशव्यांच्या कचऱ्याचं काम का? की लॅब टेक्निशियनसारखं काही? तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. मग ही शाखा नेमकी आहे काय, वर्ध्यासारख्या जिल्ह्यात ती शिकण्याला काय अर्थ आहे आणि प्रवेश घेण्याआधी काय तपासायचं? समजून घेऊया.

बोटाला लावलेल्या चिमट्यापासून सुरुवात करू

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर आठवतोय? बायोमेडिकल इंजिनीअरिंग समजण्यासाठी तो चिमटा पुरेसा आहे.

त्यात प्रकाशाचे दोन छोटे दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा इन्फ्रारेड, साधारण ९४० नॅनोमीटरचा, जो डोळ्यांना दिसत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन चाललेलं असेल तर ते इन्फ्रारेड जास्त शोषतं. ऑक्सिजन नसेल तर लाल प्रकाश जास्त शोषतं. बोटाच्या पलीकडे किती प्रकाश पोहोचला, याच्या गुणोत्तरावरून ऑक्सिजनचं प्रमाण काढलं जातं.

पण बोटात फक्त रक्त नसतं. कातडी, हाड, मांस हेही प्रकाश अडवतात. मग रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? जपानमधल्या निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनीअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास यावर उपाय शोधला. कातडी आणि हाड जागच्या जागी असतात. धमनीतलं रक्त मात्र प्रत्येक ठोक्याला वाढतं-कमी होतं. म्हणजे जो भाग ठोक्याबरोबर बदलतो, तेवढाच मोजायचा. यंत्राच्या नावात 'पल्स' आला तो यामुळे.

एवढ्याशा यंत्रात प्रकाशाचं भौतिकशास्त्र आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, गणित आहे आणि शरीरशास्त्रही आहे. हे चारही विषय एकाच डोक्यात आणायचे, यासाठी ही शाखा आहे.

गोष्ट इथेच संपत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ताच्या थेट तपासणीत ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली निघाला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींमध्ये आढळलं. गोऱ्या रुग्णांमध्ये हेच प्रमाण ३.६ टक्के होतं. त्वचेचा रंग प्रकाश शोषतो आणि यंत्राचे आकडे ज्यांच्यावर जुळवले जातात त्यांत सावळे लोक कमी असतील, तर यंत्र त्यांच्याबाबत जास्त चुकतं.

आपल्याकडची बहुतेक बोटं सावळी किंवा काळी आहेत. यंत्र कुठेही बनलेलं असो, ते आपल्या माणसावर बरोबर चालतं का हे तपासणारं माणूस इथेच लागतं.

वर्ध्यात ही शाखा कुठे आहे?

सावंगी (मेघे) इथल्या दत्ता मेघे उच्च शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे अभिमत विद्यापीठात. वैद्यकीय शिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाने अलीकडे अभियांत्रिकी विद्याशाखा सुरू केली आणि त्यात बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा विभाग आहे. याच परिसरात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे.

शहराच्या दुसऱ्या अंगाला सेवाग्राम. तिथे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. कस्तुरबा रुग्णालय त्याच संस्थेचं. ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवायचे, हा तिचा सुरुवातीपासूनचा उद्देश. इथले एमबीबीएसचे विद्यार्थी आजही गावात शिबिराला जातात, घरोघरी फिरून कुटुंबांची माहिती घेतात.

म्हणजे एका मध्यम आकाराच्या शहराच्या दोन बाजूंना दोन मोठी शिकवणारी रुग्णालयं. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच नव्हे तर शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण इथे येतात. मुंबई-पुण्यातल्या अनेक इंजिनीअरिंग कॉलेजांकडे झकपक प्रयोगशाळा असते, पण वॉर्ड नसतो. बायोमेडिकलच्या विद्यार्थ्यासाठी वॉर्ड हीच खरी प्रयोगशाळा आहे.

चार वर्षांत काय शिकावं लागतं?

सर्वसाधारणपणे पहिलं वर्ष इतर शाखांसारखंच : गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग. दुसऱ्या वर्षापासून मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया, इलेक्ट्रॉनिक सर्किट, सेन्सर, मोजमापाची उपकरणं हे विषय येतात. पुढे सिग्नल प्रोसेसिंग, एक्स-रे-सीटी-एमआरआयच्या प्रतिमांवरचं काम, शरीरात बसवायचे पदार्थ, कृत्रिम अवयव, मशीन लर्निंग आणि रुग्णालयातल्या उपकरणांचं व्यवस्थापन. विद्यापीठानुसार विषयांचा क्रम बदलतो, गाभा हाच राहतो.

यात अवघड काय? एक अनुभव सांगतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघांनी ईसीजीचं सर्किट करायला घेतलं. कागदावर सगळं सोपं होतं. ब्रेडबोर्डवर जोडलं, मित्राच्या छातीला इलेक्ट्रोड चिकटवले आणि स्क्रीनवर एक सुंदर लाट आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी एका नजरेत सांगितलं, "हे हृदय नाही, ही भिंतीतली वीज आहे."

हृदयाचा सिग्नल छातीवर जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. माणसाचं शरीर अँटेनासारखं ती ओढून घेतं. त्या गोंगाटातून हृदयाची कुजबुज वेगळी काढणं हेच खरं इंजिनीअरिंग. आम्हाला ते जमायला दोन महिने लागले. आयसीयूमधला मॉनिटर हे काम चोवीस तास करत असतो, शेजारी दहा यंत्रं चालू असताना.

यंत्र घेतलं, पण चालू कोण ठेवणार?

इथे या शाखेचं सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात गरजेचं काम येतं. सरकारी दवाखान्यात यंत्रावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. रुग्णाला मग बाहेरून तपासणी करून आणायला सांगतात. त्यासाठी आर्वी किंवा समुद्रपूरकडच्या एखाद्या शेतमजुराला गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी दोन्ही मोजावी लागते.

हा अपवाद नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभरातल्या सरकारी आरोग्य संस्थांमधल्या उपकरणांची मोजणी केली, तेव्हा २९ हजार ११५ संस्थांमध्ये ७ लाख ५६ हजार ७५० उपकरणं नोंदली गेली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्यानुसार त्यातली १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद आढळली.

यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली उपकरण देखभाल कार्यक्रम सुरू झाला. उद्दिष्ट असं : जिल्हा रुग्णालयातली उपकरणं ९५ टक्के वेळ, आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर ९० टक्के वेळ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत. हे आकडे गाठायचे तर गावोगाव फिरणारे बायोमेडिकल इंजिनीअर आणि तंत्रज्ञ लागतात.

रुग्णालयातला बायोमेडिकल इंजिनीअर, ज्याला क्लिनिकल इंजिनीअर असंही म्हणतात, रोज काय करतो?

• नवं यंत्र आलं की सांगितल्याप्रमाणे चालतं का, हे तपासून मगच वॉर्डात देतो.

• ठरलेल्या काळाने कॅलिब्रेशन करतो. सिरिंज पंपाने तासाला पाच मिलिलिटर म्हटलं की तेवढंच औषध जातंय का? नवजात बाळाच्या वॉर्मरचं तापमान खरं आहे का?

• विजेची गळती मोजतो. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून रुग्णाकडे जाणारा गळती प्रवाह नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. अँपिअरचा एक लाखावा भाग! हाताला जाणवणारही नाही इतका हा प्रवाह.

• खरेदीच्या वेळी डॉक्टर आणि प्रशासन यांच्यामध्ये बसून सांगतो की हे यंत्र स्वस्त आहे, पण याचे सुटे भाग आणि वर्षाची देखभाल महाग पडेल.

• सिस्टर आणि तंत्रज्ञांना यंत्र वापरायला शिकवतो. अनेक 'बिघाड' हे बिघाड नसतात. सेन्सर उलटा लागलेला असतो किंवा फिल्टर धुळीने बुजलेला असतो.

वर्ध्यात यात आणखी एक भर. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अनेक वैद्यकीय उपकरणं ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. त्यात विजेचा कमी-जास्त दाब आणि धूळ. युरोपातल्या थंड खोलीत दहा वर्षं चालणारं यंत्र इथे तेवढं चालेलच असं नाही. का नाही, याचा अभ्यास हासुद्धा एक संशोधनाचा विषय आहे.

मग संशोधन म्हणजे काय?

नवं काहीतरी बनवणं, एवढंच डोक्यात असेल तर थांबा. वैद्यकीय उपकरणाचं संशोधन प्रश्न शोधण्यापासून सुरू होतं आणि बहुतेक प्रोजेक्ट तिथेच फसतात. विद्यार्थी आधी उपाय ठरवतात, मग त्याला बसेल असा रुग्ण शोधतात.

जवळचं चांगलं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने आयआयटी मुंबईत 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरण केंद्र सुरू झालं. नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी त्यात जोडले गेले. इथे इंजिनीअर आणि डॉक्टर एकाच टेबलावर बसून आधी प्रश्न लिहून काढतात. तिथून बाहेर पडलेल्या उपकरणांपैकी एक म्हणजे डिजिटल स्टेथोस्कोप. कोरोनाच्या काळात संरक्षक पोशाखातल्या डॉक्टरांना कानात नेहमीचा स्टेथोस्कोप घालणं अवघड झालं होतं. ब्लूटूथवरून दुरून छातीचा आवाज ऐकवणारं हे यंत्र तेव्हा कामाला आलं.

दुसरं उदाहरण संयमाचं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीची हृदयाची झडप तयार झाली. आधीचे तीन नमुने बाद करावे लागले, चौथा टिकला. १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. परदेशी झडप न परवडणाऱ्या रुग्णांसाठी तो मोठा दिलासा ठरला.

नमुना तयार झाला म्हणजे काम संपलं, असंही नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्या, नैतिकता समितीची परवानगी, रुग्णांवरच्या चाचण्या आणि मग परवाना अशी पुढची वाट असते. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार धोक्याच्या पातळीप्रमाणे उपकरणांचे चार वर्ग आहेत. 'अ' वर्गात सगळ्यात कमी धोका, जसं ड्रेसिंगचा कापूस. 'ब' मध्ये रक्तदाब मोजायचं यंत्र. 'क' मध्ये व्हेंटिलेटर. 'ड' मध्ये स्टेंट आणि हृदयाची झडप. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याची यंत्रणा देते, पुढच्या दोन वर्गांचा केंद्राची. हे नियम नीट जाणणाऱ्या इंजिनीअरला कंपन्या शोधत असतात, कारण सर्किट करणारे बरेच मिळतात, फाइल पास करून घेणारे थोडे.

वर्ध्याचे स्वतःचे प्रश्न कोणते?

एक प्रश्न रक्तातच आहे : सिकलसेल. विदर्भातल्या अनेक समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे.

अडचण कुठे येते, ते पाहा. गावात केली जाणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे. पण ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्रावर नमुना तपासावा लागतो, आणि ते यंत्र गावात नसतं. नमुना जिल्ह्याला जातो, अहवाल परत येईपर्यंत दिवस जातात आणि मधल्या काळात माणूस कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेला असतो. वाहक आणि रुग्ण यातला फरक लग्न ठरवताना, बाळंतपणात, उपचारात महत्त्वाचा असतो.

बोटातल्या एका थेंबावर, काही मिनिटांत, गावातच फरक सांगणाऱ्या चाचण्या आता उपलब्ध होत आहेत. त्या ४५ अंशांच्या उन्हात आशाताईंच्या पिशवीत राहून बरोबर उत्तर देतात का? किंमत किती खाली आणता येईल? निकाल मोबाइलवर नोंदवताना नावाची गुप्तता कशी राखायची? हे तिन्ही प्रश्न इंजिनीअरिंगचे आहेत आणि त्यांची उत्तरं वर्ध्यात जास्त चांगली शोधता येतील.

जयपूर फूटची गोष्ट हेच सांगते. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो पाय घडवला. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागायचा, मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे. आपला माणूस अनवाणी शेतात जातो, जमिनीवर जेवतो. ही गोष्ट ज्याने पाहिली, त्याने तसा पाय बनवला.

नोकरीचं काय?

सरळ सांगायचं तर कॉम्प्युटरसारख्या मोठ्या संख्येने कॅम्पस नोकऱ्या इथे नाहीत. संधी मात्र वेगवेगळ्या आहेत : रुग्णालयांचा बायोमेडिकल विभाग, उपकरण कंपन्यांची सर्व्हिस आणि प्रशिक्षणाची कामं, गुणवत्ता आणि परवान्याशी संबंधित कामं, वैद्यकीय सॉफ्टवेअर, स्टार्टअप आणि संशोधन. सुरुवातीला सर्व्हिस इंजिनीअरची नोकरी म्हणजे फिरती, रात्रीचे फोन आणि डॉक्टरांचा ओरडा हे धरून चला. ज्यांना हे नको असतं, ते चौथ्या वर्षी आयटीकडे वळतात. मग ही शाखा कशाला घेतली, हा प्रश्न उरतोच.

पुढे शिकायचं असेल तर 'गेट' परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत या विषयात एमटेक आणि पीएचडी करता येते. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनीअरिंगचा एमटेक चालवतात. तिथे विद्यार्थी थेट रुग्णालयात शिकतात.

प्रवेशाआधी हे पाच प्रश्न विचारा

कॉलेज कुठलंही असो, वर्ध्याचं, नागपूरचं किंवा पुण्याचं, माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि हे विचारा.

१. विद्यार्थी रुग्णालयात कोणत्या वर्षापासून जातात आणि आठवड्याला किती तास? वर्षातून एकदा भेट म्हणजे सहल झाली.

२. प्रयोगशाळेत रुग्णाचे सिग्नल देणारे सिम्युलेटर आणि विद्युत सुरक्षा तपासणारी यंत्रं आहेत का? विद्यार्थ्यांना हात लावू देतात का?

३. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला डॉक्टर सहमार्गदर्शक असतात का? मागच्या प्रोजेक्टपैकी कुठला वॉर्डात वापरून पाहिला गेला?

४. आधीच्या बॅचचे विद्यार्थी आज कुठे आहेत? त्यातले दोघे-तिघे फोनवर बोलतील का? विभाग नवा असेल आणि बॅच बाहेर पडली नसेल, तर तसं स्पष्ट सांगतात का?

५. चार वर्षांचा एकूण खर्च किती? अभिमत आणि खासगी विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया, शुल्क आणि शिष्यवृत्तीचे नियम वेगळे असू शकतात. कॅप फेरीच्या भरवशावर राहू नका, आधी लेखी माहिती घ्या.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळालं, तर बाकीच्या उणिवा भरून काढता येतात. तिथेच गोलमोल उत्तर मिळालं, तर इमारत कितीही चकचकीत असो, तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचीच पदवी वेगळ्या नावाने घेत आहात असं समजा.

वॉर्डातली सिस्टर दिवसभरात किती वेळा मॉनिटरचा खोटा अलार्म बंद करते, हे ज्या विद्यार्थ्याने शेजारी उभं राहून मोजलंय, त्याला प्रोजेक्टचा विषय शोधत बसावं लागत नाही. वर्ध्यात असे वॉर्ड शहराच्या दोन्ही बाजूंना आहेत. प्रवेश घेताना विचारायचं ते एवढंच, की त्यांचं दार इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला किती उघडं आहे.